फोनोग्राफचा नंबर एक साल सांगतो आणि सुटे भाग दुसरंच: तारीख का जुळत नाही?

जुना फोनोग्राफ, म्हणजे सिलिंडरवरचा किंवा तबकडीवरचा आवाज वाजवणारं यंत्र, किंवा त्याचा एखादा सुटा भाग हाती लागला की पहिली नजर नंबराकडे जाते. नंबर सापडतो, यादीत शोधला जातो, साल मिळतं आणि तिथेच घोडं अडतं. यंत्रावरच्या धातूच्या नावपट्टीवर १८८६ कोरलेलं असतं, पण यंत्र काही इतकं जुनं दिसत नाही. मशीनचा नंबर १९०६ च्या आसपासचा निघतो, तर त्यावर बसवलेला रिप्रोड्यूसर, म्हणजे रेकॉर्डवर टेकून आवाज काढणारा भाग, १९०९ च्या आधी बनतच नव्हता. नाहीतर नंबर कुठल्याच यादीत बसत नाही.

संग्राहकांमध्ये हा प्रश्न सारखा येतो आणि "मग तुमचं मशीन नकली असणार" असं सांगून लोक मोकळे होतात. या एका उत्तरापायी अस्सल यंत्रं मोडून त्यांचे भाग विकले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बहुतेक वेळा यंत्रही खरं असतं आणि नंबरही खरा असतो. पण नंबर ज्या तुकड्यावर ठोकलेला आहे, त्या तुकड्यापुरतंच तो बोलतो. त्याच्याकडून अख्ख्या यंत्राची जन्मतारीख काढायला गेलं की गोंधळ होतो. म्हणून पट्टी, मोटर, रिप्रोड्यूसर, कर्णा आणि पेटी यांची तारीख वेगवेगळी काढायची आणि मग ती एकमेकांशी ताडून पाहायची. हे कसं करायचं ते खाली लिहितो.

आधी तो नंबर कसला आहे ते ठरवा

यंत्रावर दिसणारा प्रत्येक आकडा सिरियल नंबर नसतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

लोखंडी बेडप्लेटच्या, म्हणजे यंत्रणा ज्यावर बसवलेली असते त्या पाटाच्या, खालच्या बाजूला किंवा मोटरच्या सांगाड्यावर वर उठून आलेले आकडे दिसले, तर ते साच्याचे आकडे आहेत. ओतकाम करतानाच ते साच्यातून उमटतात, त्यामुळे त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक तुकड्यावर तोच आकडा असतो. त्यावरून तारीख निघत नाही. सिरियल नंबर बहुधा धातूत खाली दबलेला असतो, कारण तो भाग तयार झाल्यावर पंचाने ठोकलेला असतो. भिंगातून पाहिलं तर हे चटकन कळतं. पट्टीवरचा छापील मजकूर एका रेषेत आणि एकसारख्या खोलीचा दिसतो. नंबराचे आकडे मात्र त्यासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत थोडे खालीवर असतात, एखादा जास्त खोल गेलेला असतो, एखादा किंचित तिरका असतो. तो तिरकेपणा मला नेहमी आवडतो, कारण तिथे कारागिराच्या हाताचा ठोका दिसतो.

साउंडबॉक्सवर, म्हणजे तबकडीच्या यंत्राच्या रिप्रोड्यूसरवर, 'नं. २' किंवा 'नं. ४' असं दिसलं तर तो प्रकार आहे, अनुक्रमांक नव्हे. अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीचा 'नं. २' किंवा हिज मास्टर्स व्हॉइसचा 'नं. ४', '५ए', '५बी' ही सगळी मॉडेलची नावं. 'आमच्याकडे चौथा बनवलेला साउंडबॉक्स आहे' अशी समजूत त्यातूनच होते. एडिसनच्या रिप्रोड्यूसरवर मात्र दोन्ही गोष्टी असतात. मॉडेलचं अक्षर, म्हणजे सी, एच, के वगैरे, आणि त्या रिप्रोड्यूसरचा स्वतःचा नंबर. हा नंबर मशीनच्या नंबराशी जुळत नाही आणि जुळायची अपेक्षाही नसते. रिप्रोड्यूसर काढता-घालता येणारा भाग होता, सुटाही विकला जायचा, त्याची नंबरांची मालिका स्वतंत्र होती. 'मॅचिंग नंबर' हे मोटारगाड्यांच्या जगातलं खूळ फोनोग्राफला लावू नका.

उरला तो पेटंटचा नंबर. सर्वांत जास्त फसवणारा आकडा हाच, म्हणून त्याला वेगळी जागा देतो.

पट्टीवरचं साल यंत्राच्या मानाने फार जुनं वाटतंय

पट्टीवर पेटंटच्या तारखांची रांग असते आणि पहिली तारीख पाहून लोक हरखून जातात. कोलंबिया कंपनीच्या 'ग्राफोफोन' नावाच्या यंत्रावर ४ मे १८८६ ही तारीख वाचायला मिळते. चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांना मेणावर ध्वनी कोरण्याच्या पद्धतीचं पेटंट त्या दिवशी मिळालं. कंपनी ते पेटंट पुढे वर्षानुवर्षं पट्टीवर छापत राहिली, कारण तिचा सगळा हक्क त्यावरच उभा होता. म्हणजे १८९७ मध्ये दहा डॉलरला विकायला आलेल्या 'ईगल' ग्राफोफोनच्या पट्टीवर १८८६ दिसलं तर त्यात वावगं काहीच नाही.

नियम सोपा आहे. रांगेतली सर्वांत शेवटची तारीख शोधा. यंत्र त्या तारखेच्या आधीचं असू शकत नाही. किती नंतरचं आहे हे ती तारीख सांगत नाही, कारण पट्ट्या एकगठ्ठा छापल्या जात आणि पुढची छपाई होईपर्यंत वापरल्या जात. पेटंटची तारीख म्हणजे खालची मर्यादा, एवढंच धरून चालायचं.

तारीख झिजलेली असेल तर एक खात्रीची कसोटी आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. त्या काळात अमेरिकेची पेटंटं मंगळवारीच दिली जात. एडिसनचं फोनोग्राफचं मूळ पेटंट, क्रमांक २,००,५२१, हे १९ फेब्रुवारी १८७८ चं, तो मंगळवार. बेल आणि टेंटरचं ४ मे १८८६ चं, तोही मंगळवार. एमिल बर्लिनरचं ग्रामोफोनचं ८ नोव्हेंबर १८८७ चं, तोही मंगळवारच. समजा पट्टीवर 'फेब्रु. १८, १८९५' असं वाचता येतंय, पण ८ आहे की ९ ते नीट कळत नाही. जुनं कॅलेंडर काढा. १८ फेब्रुवारी १८९५ ला सोमवार होता, १९ ला मंगळवार. म्हणजे ती तारीख १९ च आहे, आणि ते बर्लिनरचं ५,३४,५४३ क्रमांकाचं गाजलेलं पेटंट आहे. अशा रीतीने पट्टीवरची प्रत्येक अर्धवट तारीख तपासता येते. मंगळवार येत नसेल तर वाचण्यात चूक आहे किंवा ती तारीख दुसऱ्या देशाच्या पेटंटची आहे.

तारीख नसून नुसता पेटंट क्रमांक असेल, तर वर्षाच्या सुरुवातीचे आकडे हाताशी ठेवा. १८९० ची सुरुवात ४,१८,६६५ पासून झाली, १८९५ ची ५,३१,६१९ पासून, १९०० ची ६,४०,१६७ पासून, १९०५ ची ७,७८,८३४ पासून, १९१० ची ९,४५,०१० पासून, १९१५ ची ११,२३,२१२ पासून, १९२० ची १३,२६,८९९ पासून आणि १९२५ ची १५,२१,५९० पासून. एखाद्या टोनआर्मवर, म्हणजे साउंडबॉक्स धरणाऱ्या पोकळ दांडीवर, अकरा लाखांच्या पुढचा क्रमांक असेल, तर तो १९०८ च्या मशीनचा मूळ भाग नाही हे एका नजरेत कळतं. सुट्या भागांच्या बाबतीत मी सिरियल नंबरापेक्षा पेटंट क्रमांकावर जास्त भरवसा ठेवतो. सिरियलच्या याद्या मागाहून जुळवलेल्या आहेत, पेटंटची नोंद सरकारी दप्तरात जशीच्या तशी आहे.

पेटंटची मुदत तेव्हा सतरा वर्षांची होती. बर्लिनरचं १८९५ चं पेटंट १९१२ मध्ये संपलं. त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत तबकडीची यंत्रं बनवणारे कितीतरी नवे छोटे कारखानदार उभे राहिले. अनोळखी नावाचं तबकडीचं यंत्र बहुधा याच लाटेतलं असतं.

कंपनीचं नाव नीट वाचा

नंबर पुसट असला तरी नाव सहसा वाचता येतं, आणि ते वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा देतं. एडिसनच्या यंत्रावर 'नॅशनल फोनोग्राफ कंपनी' असेल तर ते १८९६ ते १९११ मधलं. 'थॉमस ए. एडिसन, इन्कॉर्पोरेटेड' असेल तर १९११ किंवा त्यानंतरचं, आणि १९२९ च्या पलीकडचं नाही, कारण त्या वर्षी एडिसन कंपनीने हा धंदाच बंद केला. व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी १९०१ मध्ये स्थापन झाली, त्याआधीचं व्हिक्टरच्या नावाचं यंत्र दाखवलं तर दोनदा विचार करा. इंग्लंडकडच्या यंत्रावर 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर लिमिटेड' दिसलं तर ते डिसेंबर १९०० ते १९०७ या अवधीतलं. टाइपरायटरचा धंदा फसला, नाव मागे राहिलं, आणि १९०७ मध्ये ती पुन्हा नुसती 'ग्रामोफोन कंपनी' झाली. एवढ्या लहान अवधीचं नाव पट्टीवर मिळालं तर यादी उघडायची गरजही उरत नाही.

व्हिक्टरच्या पेटीच्या आत किंवा तळाला परवान्याच्या अटींचा लांबलचक कागद चिकटवलेला सापडतो. अमुक किमतीखाली विकू नये, अमुकच रेकॉर्ड वापराव्या, अशा त्या अटी. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्ट्रॉस विरुद्ध व्हिक्टर या खटल्यात अशा अटींना आधार नाही असा निकाल दिला. तो कागद शाबूत असेल तर यंत्र बहुधा त्या निकालाच्या आधीचं. म्हणून पेटी साफ करताना आतला एकही कागद खरवडू नका.

मशीनचं साल आणि भागांचं साल जुळत नाही

मुख्य दुखणं हे आहे. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण उत्तर सापडलं की यंत्राचा सगळा इतिहासच उलगडतो.

नेहमी समोर येणारा एक नमुना घेऊ. एडिसन स्टँडर्ड, पट्टीवर 'मॉडेल बी'. स्टँडर्ड हे मॉडेल १८९८ पासून होतं आणि 'बी' हे त्याचं १९०५ ते १९०८ मधलं रूप. आता यंत्र जवळून पाहा. मँड्रेल, म्हणजे ज्या पंचपात्रासारख्या नळीवर मेणाचा सिलिंडर चढवतात, तिच्या टोकाशी जादा गिअर दिसतात आणि दोन मिनिटं किंवा चार मिनिटं अशी निवड करायची सोय दिसते. रिप्रोड्यूसरवर 'के' आहे. मागे उंच मानेचा, राजहंसाच्या मानेसारखा वळलेला कर्णा आहे आणि तो पेटीच्या पाठीला बसवलेल्या एका दांडीवर टांगलेला आहे.

नंबर १९०५ ते १९०८ सांगतो. चार मिनिटांचे 'ॲम्बेरोल' सिलिंडर १९०८ च्या शेवटी आले. त्यांच्यावर इंचाला २०० आटे होते, जुन्या दोन मिनिटांच्या सिलिंडरवर १००. आटे दुप्पट बारीक, म्हणून रिप्रोड्यूसरला पुढे सरकवणारा वेग निम्मा करावा लागतो, आणि जादा गिअर त्यासाठीच असतात. म्हणजे ते गिअर १९०८ च्या आधीचे असूच शकत नाहीत. 'के' रिप्रोड्यूसर १९०९ चा. त्यात दोन मिनिटांचा आणि चार मिनिटांचा असे सुईच्या जागी दोन वेगळे नीलमणी खडे असतात आणि तो फिरवून हवा तो खडा वापरता येतो. हंसमानेचा कर्णाही १९०९ चा. मग यंत्र नकली?

मुळीच नाही. ॲम्बेरोल आल्यावर जुन्या गिऱ्हाइकांनी नवं मशीन न घेता नवे सिलिंडर वाजवावेत म्हणून एडिसनने जोडसंच विकायला काढले होते. गिअर आणि रिप्रोड्यूसर घ्यायचा आणि जुन्या यंत्राला बसवायचा. या यंत्राच्या मालकाने तेच केलं. ऐपत झाली तेव्हा कर्णाही बदलला. कारखान्यातूनच दोन्ही गिअर घेऊन आलेलं स्टँडर्ड हवं असेल तर ते 'मॉडेल डी'.

याची खातरजमा पेटीच्या पाठीवर होते. दांडीचा ब्रॅकेट ज्या स्क्रूंवर बसला आहे ती भोकं बघा. एक स्क्रू अलगद सोडवून भिंगातून आत पाहा. भोकातलं लाकूड बाहेरच्या लाकडाइतकंच काळवंडलेलं असेल, कडेला तेलाचा आणि धुळीचा थर बसला असेल, तर काम जुनं आहे. आतलं लाकूड फिकट आणि कोरडं, कडा धारदार असतील तर कोणीतरी अलीकडे कर्णा जोडून किंमत वाढवली आहे. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल तर शंकाच नको. फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात आले, या यंत्रांवर ते मूळचे असणं शक्य नाही.

अशा यंत्राची नोंद एका सालाने करू नये. 'यंत्र १९०५ ते १९०८, चार मिनिटांचा जोडसंच आणि कर्णा १९०९ किंवा नंतर, काम जुनं' असं लिहावं. हे वाक्य नुसत्या '१९०६' पेक्षा खरं आहे, आणि माझ्या मते असं यंत्र कारखान्यातून निघालं तसंच राहिलेल्या यंत्रापेक्षा जास्त मोलाचं. कोणीतरी ते आवडीने वापरलं, जपलं, नव्या गाण्यांसाठी त्यावर खर्च केला, हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. ते जोडसंच काढून यंत्राला 'मूळ रूप' देण्याचा आग्रह मला कधीच पटलेला नाही.

उलटी बाजूही सांगतो. मशीन उशिराचं आणि भाग आधीचा, असंही होतं. उरलेले भाग कारखाना संपेपर्यंत वापरायचा, दुरुस्तीवाला जुन्या मशीनचा भाग नव्याला लावायचा. भाग मशीनपेक्षा थोडा जुना असेल तर काळजी करू नका. पंधरा-वीस वर्षांचं अंतर असेल तर ते दोन यंत्रांचं मिळून एक केलेलं आहे.

अंकाच्या मागे अक्षर आहे, त्याचं काय करायचं?

व्हिक्टरच्या पट्टीवर 'व्हीव्ही-इलेव्हन' (VV-XI) असं रोमन अंकात मॉडेल आणि मग नंबर आणि मागे एक अक्षर असतं. 'व्हीव्ही' म्हणजे व्हिक्टर व्हिक्ट्रोला, कर्णा पेटीच्या आत असलेलं यंत्र. पहिलं १९०६ मध्ये निघालं. 'व्हीई' असेल तर चावीऐवजी विजेची मोटर. नंबरामागचं अक्षर म्हणजे त्या मॉडेलच्या यंत्रणेत झालेल्या बदलाची पायरी. ए, मग बी, मग सी. यादीत शोधताना हे अक्षर गाळलं तर चुकीच्या रांगेत जाऊन पडाल.

दुसरी गोष्ट, व्हिक्टरच्या प्रत्येक मॉडेलची मालिका वेगळी. तोच आकडा दोन निरनिराळ्या मॉडेलांवर सापडतो आणि दोन्ही खरे असतात. म्हणून नुसता नंबर विचारून कोणी साल सांगत असेल तर ऐकू नका, आधी मॉडेल विचारायला हवं. रोमन अंकांची नावं १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मागे पडून ८०, १०० असे साधे आकडे आले. १९२५ च्या नोव्हेंबरात ऑर्थोफोनिक मालिका आली, तिची ८-३० सारखी मध्ये आडवी रेघ असलेली नावं लगेच ओळखू येतात. साउंडबॉक्सही तिथे बदलला. अभ्रकाचा पडदा गेला, हलक्या ॲल्युमिनियम-मिश्रधातूचा नागमोडी पडदा आला. तेव्हा रोमन अंकाच्या पेटीवर ऑर्थोफोनिक साउंडबॉक्स असेल तर तो नंतर लावलेला आहे.

नंबर वाचताच येत नाही

पॉलिशची पेस्ट लावून पट्टी घासणं हा सगळ्यात वाईट मार्ग. खोल भागातला काळा रंग निघून जातो, निकेलचा मुलामा उडतो आणि उथळ ठोकलेला आकडा कायमचा जातो. लाकडावर चिकटवलेल्या सोनेरी अक्षरांच्या चित्राजवळ स्पिरिट तर अजिबात नेऊ नका, खालचा लाखेचा थर विरघळतो.

मऊ ब्रशने धूळ काढा. खोलीत अंधार करून टॉर्च पट्टीला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू चारी बाजूंनी फिरवा. समोरून न दिसणारा आकडा एका विशिष्ट कोनातून सावली टाकतो. प्रत्येक कोनातून फोटो काढून ठेवा. त्यानेही जमलं नाही तर पातळ कागद ठेवून वरून मऊ शिसाची पेन्सिल आडवी, अगदी हलक्या हाताने फिरवा. ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६ यांची गल्लत सर्वांत जास्त होते. तेव्हा दोन्ही शक्यता लिहून ठेवा आणि यादीत दोन्ही पाहा. बऱ्याचदा दोन्हींचं साल एकच निघतं आणि वाद मिटतो.

नंबर मोटरच्या खाली असेल तर मोटर सोडवण्याआधी स्प्रिंग पूर्ण उतरवा. चावी दिलेली मुख्य स्प्रिंग तिच्या गोल डबीतून सुटली तर हात फाडते. साउंडबॉक्सच्या मागचा नंबर बघायचा असेल आणि तो भाग जस्ताच्या मिश्रधातूचा असेल, तर जोर लावून फिरवू नका. त्या काळच्या मिश्रणात शिशासारख्या अशुद्धी राहत, त्यांच्यामुळे धातू आतून फुगतो, तडकतो आणि हातात भुगा होतो. पृष्ठभागावर बारीक जाळीदार भेगा दिसल्या तर नंबराचा मोह सोडा.

यादीत नंबरच नाही, किंवा कंपनीच अनोळखी आहे

याद्या बहुतेक हयात यंत्रांवरून आणि हाती आलेल्या कागदपत्रांवरून संग्राहकांनी बांधल्या आहेत. त्यात 'अमुक नंबर म्हणजे अमुक वर्षाच्या आसपास' एवढंच असतं. नंबर दोन नोंदींच्या मध्ये पडला तर दोन्ही सालांच्या मधला काळ लिहा, गणित करून महिना काढू नका.

अनोळखी नावाचं यंत्र असेल तर नाव विसरा आणि मोटर उलटी करा. १९१० च्या दशकात पेटी फर्निचरवाल्याची आणि मोटर विकत आणलेली, अशी यंत्रं खूप निघाली. अमेरिकेकडच्या मोटरवर हाइनमन किंवा मायसेलबाख ही नावं सापडतात, स्वित्झर्लंडच्या मोटरवर थोरेन्स किंवा पायार. जर्मन भागावर 'डी.आर.जी.एम.' असेल तर तो १८९१ नंतरचा, कारण लहान सुधारणांची ती नोंदणी तेव्हाच सुरू झाली. नुसतं 'डी.आर.पी.' असेल तर खालची मर्यादा १८७७. इंग्लंडची 'आर.डी. नंबर' ही डिझाइनची नोंद १८८४ पासूनच्या मालिकेतली. मोटरचं साल म्हणजे पेटीचं साल नव्हे, पण तेवढा तरी एक पक्का खुंटा मिळतो.

आणि यंत्र खरोखर नकली असेल तर? नवी चकचकीत पितळी कर्ण्याची चौकोनी पेटी, समोर कुत्र्याचं चित्र, टोनआर्म जाड आणि ओबडधोबड, आत मात्र एखाद्या पोर्टेबल ग्रामोफोनची जुनी मोटर. यांच्यावर नंबर असला तरी तो त्या मोटरचा असतो, आणि म्हणूनच यादीत पाहिल्यावर खरा निघतो. पट्टी नवी असेल तर अक्षरांच्या कडा फार तीक्ष्ण असतात, खोल भागात मळ नसतो आणि पट्टीखालचं लाकूड बाजूच्या लाकडाइतकंच उजळ किंवा मळकं असतं. शंभर वर्षं जागेवर बसलेल्या पट्टीखाली लाकडाचा रंग वेगळा राहतो. मी तरी पैसे मोजण्याआधी पट्टीचा एखादा खिळा सैल असेल तर कडेखाली जरूर डोकावतो.

रिप्रोड्यूसर ओळखल्याशिवाय सिलिंडर वाजवू नका

साल चुकलं तर नोंदवही खराब होते, रिप्रोड्यूसर ओळखण्यात चुकलं तर रेकॉर्ड जाते, आणि ती परत मिळत नाही. एडिसनचा डायमंड रिप्रोड्यूसर, उदाहरणार्थ १९१५ च्या ॲम्बेरोला ३०, ५० आणि ७५ या यंत्रांवरचा 'डायमंड सी', निळ्या सेल्युलॉइडच्या सिलिंडरसाठी आहे. तो मेणाच्या सिलिंडरवर टेकवला तर हिरा मेण खरवडून काढतो. नुसतं 'सी' मॉडेल ('डायमंड सी' नव्हे) दोन मिनिटांसाठी, 'एच' चार मिनिटांसाठी. सिलिंडर मेणाचा आहे की सेल्युलॉइडचा, दोन मिनिटांचा की चारचा, हे आधी ठरवा आणि मगच रिप्रोड्यूसर खाली सोडा. एडिसनच्या 'डायमंड डिस्क' नावाच्या जाड तबकड्यांवर पोलादी सुई कधीच नको, त्या तबकड्या एडिसनच्याच रिप्रोड्यूसरने मिनिटाला ८० फेऱ्यांवर वाजवायच्या.

कोणाला यंत्र दाखवून सल्ला मागायचा असेल तर पट्टीचे तिरक्या उजेडातले फोटो, मॉडेल आणि मागच्या अक्षरासकट पूर्ण नंबर, रिप्रोड्यूसरवरचं अक्षर आणि त्याचा वेगळा नंबर, मोटरची खालची बाजू आणि पेटीच्या पाठीवरची स्क्रूची भोकं, एवढं पाठवा. ज्या भागाची खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. जुन्या दुरुस्तीवाल्याने पेटीच्या आत पेन्सिलीने एखादी तारीख लिहिली असेल तर तिचाही फोटो जोडा. ती दुरुस्तीची तारीख असते, तेव्हा ती वेगळ्या ओळीत लिहा.